इंधनाचे दर पाहून गाडी निवडावी का? पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक

गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला राहतो आणि नोकरीसाठी रोज सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जातो. जाऊन-येऊन साठ किलोमीटर होतात, म्हणजे महिन्याला साधारण दीड हजार. आजवर दुचाकीवर निभावले, पण आई-वडिलांची तब्येत आणि मुलीची शाळा पाहता आता चारचाकी घेणे भाग आहे. शोरूममध्ये गेल्यावर विक्रेते आधी रोजचे किलोमीटर विचारतात आणि लगेच सीएनजीची गाडी दाखवू लागतात. वडिलांचा कल पेट्रोलकडे आहे आणि मेहुण्यांचा आग्रह इलेक्ट्रिकचा.

माझी शंका अशी की, गाडी आपण दहा-बारा वर्षे वापरणार, इंधनाचे दर मात्र वर्षभरातसुद्धा पालटतात. मग आजच्या दरांवर कितपत भिस्त ठेवावी? ज्यांनी दरांकडे पाहून गाडी निवडली, त्यांचा हिशेब पुढे कसा जमला किंवा फसला, हे जाणकारांनी सांगितल्यास निर्णय घेणे सोपे जाईल.

करवीरकर

कोल्हापुरात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे दरांच्या मागे धावणारी गिऱ्हाइके मी जवळून पाहिली आहेत. आपल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर डिझेलच्या इतिहासात आहे.

जून 2010 मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त केले, पण डिझेलचे दर सरकारच्याच हातात राहिले. दोन्हींतील अंतर वाढत गेले आणि मे 2012 मध्ये पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी महागले, तेव्हा दिल्लीत पेट्रोल 73 रुपये आणि डिझेल 41 रुपयांच्या आत होते. लिटरमागे तब्बल बत्तीस रुपयांचा फरक! डिझेलची गाडी लाखभर रुपयांनी महाग असूनही लोकांनी रांगा लावल्या, आणि 2012-13 मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ज्यांचे महिन्याचे धावणे जेमतेम चार-पाचशे किलोमीटर होते, अशा मंडळींनीही डिझेलच घेतली.

मात्र तो फरक सरकारी धोरणातून आलेला होता आणि धोरणानेच तो पुसला. जानेवारी 2013 पासून डिझेल दरमहा पन्नास पैशांच्या आसपास वाढवत नेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. 24 जून 2020 रोजी तर राज्याच्या वाढीव करामुळे दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झाले. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून गाड्यांच्या प्रदूषणावर मर्यादा घालणारी बीएस-6 मानके लागू झाली. त्यामुळे डिझेल इंजिनात धूर गाळणारी महागडी यंत्रणा बसवावी लागली, आणि देशातील सर्वांत मोठ्या कार उत्पादक मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच थांबवले. आज विकल्या जाणाऱ्या पाच गाड्यांतही एक डिझेलची भरत नाही.

मुंबईकडे नेहमी फेऱ्या मारणाऱ्यांचा वरचा लाख रुपयांचा खर्च दोन-तीन वर्षांत भरून निघाला होता, त्यामुळे दर पालटल्याची झळ त्यांना फारशी बसली नाही. जी गाडी सात वर्षांनीही माझ्याकडे पन्नास हजार किलोमीटरवर विक्रीला आली, तिच्या मालकाला मात्र ती डिझेल असल्याचा काडीचाही लाभ झालेला नव्हता. म्हणून माझे सांगणे इतकेच की, आजचा फरक किती आहे यापेक्षा तो टिकून असेपर्यंत आपला जादा खर्च वसूल होतो का, ते पाहावे.

मुलुंडचा प्रवासी

करवीरकरांशी पूर्ण सहमत आहे. तोच हिशेब आपल्या आकड्यांवर मांडून पाहू. समजा, पेट्रोल 104 रुपये लिटर आहे आणि गाडी 18 चा ॲव्हरेज देते. म्हणजे किलोमीटरला 5 रुपये 78 पैसे लागतात. सीएनजी 80 रुपये किलो आणि ॲव्हरेज 26 धरला, तर 3 रुपये 8 पैसे. किलोमीटरमागे 2 रुपये 70 पैसे वाचतात. सीएनजीच्या गाडीला 95 हजार रुपये अधिक मोजावे लागत असतील, तर ते सुमारे 35 हजार किलोमीटरनंतर सुटतात. आपल्या धावण्यानुसार दोन वर्षांच्या आत. महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र सात वर्षांहून अधिक काळ लागेल. आपल्याकडच्या पंपावर दर वेगळा असेल, तर तो घालून आकडेमोड पुन्हा करावी.

सीएनजीच्या दराचीही परीक्षा पाहिली पाहिजे. 1 एप्रिल 2022 रोजी राज्य सरकारने सीएनजीवरील व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईत दर 60 रुपयांवर उतरला. त्याच सुमारास युक्रेन युद्धामुळे आयात वायू भडकला होता आणि देशी स्वस्त वायू वाढत्या मागणीला पुरत नव्हता. परिणामी ऑगस्टच्या सुरुवातीला तोच दर 86 रुपयांवर गेला. चार महिन्यांत सव्वीस रुपये! एप्रिल 2023 मध्ये केंद्राने देशी वायूच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली, तेव्हा कुठे तो 79 वर आला.

तरीही हिशेब लगेच कोसळत नाही, हेही लक्षात घ्यावे. वरच्या आकडेमोडीत सीएनजी 90 रुपये धरला, तरी खर्च 41 हजार किलोमीटरवर सुटतो, म्हणजे आपल्याला फार तर चार महिने अधिक लागतील. एवढा धक्का पचवता येतो, कारण आपले धावणे भरपूर आहे.

एक पुस्ती जोडतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते. त्यामुळे माहितीपत्रकातील ॲव्हरेज न घेता तेच मॉडेल वापरणाऱ्या परिचितांना प्रत्यक्ष आकडा विचारावा.

तेरेखोल

आमच्या सिंधुदुर्गात दरांचा परिणाम थोडा निराळा दिसतो. गोव्यातील पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असल्याने बांदा, सावंतवाडीकडील लोक गाडी निवडताना दराचा विचार कमी करतात आणि टाकी कुठे भरायची याचा अधिक. 2012 मध्ये मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला, तेव्हा पेट्रोल एकदम अकरा रुपयांनी उतरून 55 रुपयांवर आले होते. पुढे तो कर टप्प्याटप्प्याने पुन्हा वाढवण्यात आला. दरातला एवढा मोठा भाग कराचा असताना केवळ कच्च्या तेलाच्या बातम्या वाचून अंदाज बांधणे मला धोक्याचे वाटते.

पेठेतला चार्जर

मी पुण्यात इलेक्ट्रिक गाडी वापरतो आणि तिच्यावर समाधानी आहे, पण मेहुण्यांच्या आग्रहाला एक अट जोडावी असे वाटते. घरी चार्जिंग होणार असेल तरच तिचा विचार करावा. घरी युनिटला 12 रुपये पडले आणि गाडी युनिटमागे साडेसहा किलोमीटर चालली, तर किलोमीटरला दोन रुपयेही लागत नाहीत. रस्त्यावरील जलद चार्जरवर युनिटला वीस रुपये किंवा अधिक मोजावे लागले, तर तोच खर्च तीन रुपयांपलीकडे जातो आणि सीएनजीपुढचा लाभ उरत नाही. महावितरणचे घरगुती दर वापरानुसार चढत जातात, त्यामुळे गाडीचे युनिट नेहमी वरच्या टप्प्यात मोजले जातात, हेही हिशेबात धरावे.

खरेदीच्या किमतीही करांवरच हलतात. सप्टेंबर 2025 मध्ये लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि इलेक्ट्रिकवरील 5 टक्के तसाच राहिला. त्यामुळे दोघींच्या किमतीतील दरी वाढली आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या इमारतीत वाहनतळापर्यंत वीज नेण्यास सोसायटीची मंजुरी अजून मिळालेली नाही, त्यामुळे इलेक्ट्रिकचा विचार तूर्त थांबवतो. मग आता सीएनजी. पण वडिलांची चाकाची खुर्ची सोबत न्यावी लागते, आणि सिलिंडरमुळे डिकीत जागा उरेल का, याची चिंता आहे.

मुलुंडचा प्रवासी

दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी आडवे बसवलेल्या गाड्या आता मिळतात. त्यांत सामानाला बऱ्यापैकी जागा राहते. खुर्ची शोरूममध्ये सोबत न्यावी आणि ती घडी करून प्रत्यक्ष ठेवून पाहावी. गॅस भरताना सर्वांना गाडीतून उतरावे लागते, तेव्हा वडील सोबत नसतील अशा वेळीच पंपावर जाणे बरे. शिवाय आपली पाळी सुटण्याच्या वेळेला सिन्नर रस्त्यावरील पंपावर दोन-तीन दिवस चक्कर टाकावी. रिक्षांची रांग किती लांब आहे आणि प्रेशर पुरेसे मिळते का, हे तिथे भरणाऱ्यांनाच विचारावे. प्रेशर कमी असले की सिलिंडर पुरता भरत नाही आणि एक दिवसाआड पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. तसे असेल, तर गाडी नोंदवण्यापूर्वी शहरात आपल्या घराजवळचा पंपही पाहून ठेवा.