तक्रार म्हणजे अविश्वास?
प्रार्थनेत गाऱ्हाणी मांडणं म्हणजे विश्वास कमी, आधी आभार माना, असं काहीजण म्हणतात. आभाराचं बायबलमध्ये प्रेषित पौलानेच लिहिलंय (फिलिप्पैकरांस पत्र ४:६), त्यावर वाद नाही. पण स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं, ८८वं स्तोत्र उघडून बघा. १३व्यासारखी विलापस्तोत्रं रडून-भांडून शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळतच नाही. सोबती दुरावले, अंधार उरला, संपलं! तरी सुरुवात मात्र तारणाऱ्या देवाला हाक मारूनच.

वडील आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर आई हेच वाचायची. भेटायला आलेल्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, २३वं वाचा ना, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’, धीर देणारं." आई म्हणाली, "ते घरी गेल्यावर." उपासनेत हे स्तोत्र वाचलेलं मात्र मी आजवर ऐकलं नाही. का टाळतात कोण जाणे.