शब्दचर्चा : ‘तुमची मुदत संपली आहे’ आणि सेशन, सत्र, कुकी

टिळकवाडीतला :

आमच्या बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या सभासदांना घरबसल्या पासबुक बघता यावं म्हणून केलेलं संकेतस्थळ मी सांभाळतो. पाट्या तीन भाषांत आहेत, कन्नड, मराठी, इंग्रजी. त्यातल्या मराठी पाट्या माझ्या. सभासद आत शिरला, पासबुक उघडलं, चहाला उठला आणि अर्ध्या तासानं परत आला की पडद्यावर एक ओळ येते. इंग्रजीत ती ठरलेली आहे, सेशन एक्स्पायर झालंय म्हणून. मी मराठीत लिहिलं, ‘तुमची मुदत संपली आहे. पुन्हा प्रवेश करा.’ मनात म्हटलं, झकास जमलं.

दोन दिवसांत शहापूरच्या एक आजी ठेवपावती घेऊन थेट शाखेत. “मुदत संपली म्हणून मोबाईलवर आलंय, व्याजासकट द्या.” पावतीला अजून चौदा महिने होते. खिडकीतली मुलगी समजावतेय, आजी ऐकेनात. “तुम्हीच लिहिलंय की!” दुपारपर्यंत आणखी दोघं आले. संध्याकाळी मला फोन. काय बोलले ते इथं लिहीत नाही.

मग बदलून ‘सत्र समाप्त’ केलं. एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, पहिलं की दुसरं? कन्नड पाटीवर कुणीतरी ‘अधिवेशन’ लिहून ठेवलं होतं. त्यात डिसेंबर महिना, हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं खरोखरचंच अधिवेशन चालू, रस्त्यावर बंदोबस्त. लोक हसले नसते तरच नवल.

तर सेशनला मराठीत काय म्हणावं? आणि संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवतं त्या कुकीला काय म्हणावं? की म्हणूच नये?

शहापूरचा जुना :

सेशन हा शब्द बेळगावला तुमच्या कॉम्प्युटरनं आणलेला नाही बाळा. मी कोर्टात कारकुनी केली. पाटीवर ‘जिल्हा व सत्र न्यायालय’, पण पक्षकार म्हणणार “केस सेशनला गेली.” ‘सत्रात गेली’ म्हणणारा मला तीस वर्षांत भेटला नाही. आणि १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं जे भरलं, ते इंग्रजीत सेशनच. मराठीत अधिवेशन. गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढं एकच. काँग्रेस रोड आणि काँग्रेस विहीर त्याच्याच खुणा.

म्हणजे इंग्रजीचा एक शब्द, आपल्याकडे तीन. न्यायाधीश बसले की सत्र, पुढारी बसले की अधिवेशन, चार घरची माणसं बसली की बैठक. कोण बसतंय त्यावरून आपण शब्द निवडतो. तुमच्या संकेतस्थळावर कोण बसतं, ते आधी सांगा.

खानापूरची :

काका, ‘बसणं’ हा धागा तुम्ही नेमका पकडलात. सत्र हा शब्द ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूवरून आला. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याच घरची. वैदिक सत्र म्हणजे बारा दिवस किंवा त्याहून जास्त चालणारा सोमयाग. त्यात वेगळा यजमान नसतो, बसलेले सगळे ऋत्विजच यजमान. इंग्रजी सेशन लॅटिनमधल्या बसण्याच्या धातूवरून आलं आणि तो धातू आपल्या ‘सद्’चा सख्खा भाऊ. म्हणजे ज्यानं कुणी सेशनला सत्र हा प्रतिशब्द दिला, त्यानं कळत-नकळत दोन भावांची गाठ घालून दिली. हेच सत्र अन्नसत्रात आहे, त्याचं बोलताना अन्नछत्र झालं. कन्नडात ‘छत्र’ म्हणजे वाटसरूंनी उतरायची जागा.

वर्गात हे सांगायला मला फार आवडतं. पण पाटी लिहायला याचा काडीचा उपयोग नाही, हेही सांगते. आमच्या शाळेत सत्र म्हणजे दिवाळीच्या सुटीआधीचं आणि नंतरचं. मास्तरांचं काहीच चुकलं नाही.

निपाणीचा :

बाई, व्युत्पत्ती झकास. पण या कामात कुणी बसलेलंच नसतं, तीच तर गंमत आहे. मी दिवसभर सर्व्हरचं, म्हणजे संकेतस्थळ जिथून चालतं त्या कॉम्प्युटरचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या एचटीटीपीनं बोलतात, ती पद्धत मुळातच विसराळू. तुम्ही एक पान मागितलं, त्यानं दिलं, विषय संपला. पुढच्या क्षणी दुसरं पान मागा, तुम्ही त्याला अनोळखी. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात उधारीची जाड वही असायची. दुकानदार नवा नोकर ठेवायचा, त्याला कुणाचंच तोंड माहीत नाही. आई मला सांगून पाठवायची, “सतरा नंबर म्हण.” मी सतरा म्हटलं की नोकर सतरावं पान उघडणार, आमची साखर, आमचं तेल, मागची बाकी सगळं त्याच्यासमोर. पुढच्या फेरीला पुन्हा “सतरा नंबर.” तो मला ओळखत नव्हता, पानाला ओळखत होता.

ते पान म्हणजे सेशन. ते दुकानात राहतं, म्हणजे सर्व्हरवर. माझ्या तोंडातला ‘सतरा’ म्हणजे कुकी. ती माझ्याकडे, म्हणजे ब्राउझरमध्ये. सर्व्हर पहिल्या उत्तरासोबत ‘सेट-कुकी’ अशी ओळ पाठवतो, त्यानंतर ब्राउझर दर मागणीला तो नंबर न सांगता परत देतो. जावाच्या सर्व्हरवर त्या कुकीचं नाव जेसेशनआयडी. नंबर अर्थातच सतरासारखा सोपा नसतो. टॉमकॅट, म्हणजे जावाचा एक सर्व्हर, आपण वेगळं काही न सांगता देतो तो १६ बाइटचा, लिहिला तर ३२ अक्षरी. कारण उघड आहे. शेजारच्या पोरानं माझ्याआधी जाऊन “सतरा” म्हटलं असतं, तर त्याची चॉकलेटं आमच्या पानावर चढली असती. म्हणून त्या कुकीवर दोन शिक्के मारतात. एचटीटीपी-ओन्लीमुळे संकेतस्थळाच्या पानावर चालणाऱ्या स्क्रिप्टला, म्हणजे कोडला, ती वाचता येत नाही, सिक्युअरमुळे ती कुणालाही वाचता येईल अशा उघड्या वाटेनं जात नाही. आणि सभासद पासवर्ड देऊन आत आला की नंबर बदलून द्यायचा. आधीचा नंबर कुणी ऐकून ठेवला असेल, तर तो बाद.

आता तुमच्या ‘मुदती’कडे येतो. आजींची ठेव ठरल्या तारखेला पिकते. सेशन तसं पिकत नाही. प्रत्येक मागणीला घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. टॉमकॅटमध्ये न सांगता मिळणारी ३० मिनिटं ही शेवटच्या हालचालीपासूनची, आत शिरल्यापासूनची नव्हेत. म्हणून ‘मुदत’ हा शब्द आजींसाठीच नाही, सर्व्हरसाठीही चुकीचाच. (या आकड्यानं माझंही एकदा नाक कापलंय. सर्व्हरच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फायलीत ही वेळ मिनिटांत लिहायची असते आणि कोडमधून सांगायची तर सेकंदांत. मी कोडमध्ये ३० लिहिलं. ग्राहक नाव टाईप करेपर्यंत बाहेर. दोन दिवस सगळे नेटवर्कला शिव्या घालत होते, मीही त्यांच्यात सामील.)

टिळकवाडीतला :

दादा, वही पटली. मग ‘पान मिटलं’ म्हणू या का? एक सांगायचं राहिलं, शाखेत सगळ्यांना मिळून एक कॉम्प्युटर आहे. पोरं ब्राउझर बंद करतात आणि म्हणतात “सेशन उडालं.” खरंच उडतं का?

निपाणीचा :

नाही ना! उडते ती कुकी. ज्या कुकीला जगायची तारीख दिलेली नसते, ती ब्राउझर बंद केल्यावर जायला हवी. सतरा हा नंबर मी विसरलो, पण दुकानातलं पान तसंच उघडं. कुणी हालचाल केली नाही की अर्ध्या तासानं सर्व्हर ते मिटतो. त्यात हल्लीच्या ब्राउझरांना ‘मागे होतं तिथून सुरू कर’ अशी सोय असते. ती चालू असली तर कुकीही परत येते आणि पुढचा माणूस आधीच्याच्या पासबुकात. म्हणून शाखेत ‘बाहेर पडा’ हे बटण दाबायला लावा. त्यानं पान सर्व्हरवरच रद्द होतं. आपल्या बोलीत दोन्हीला ‘उडालं’च म्हणतात. मला वाटतं हा फरक बोलण्यात आणलाच पाहिजे : कुकी पुसली, सेशन रद्द केलं.

खानापूरची :

‘पुसली’ म्हणालात, म्हणजे कुकी स्त्रीलिंगी. बरोबर आहे. ईकारान्त शब्द आला की आपण त्याला बिनबोभाट स्त्रीलिंगी करतो. मग अनेकवचन ‘कुक्या’ व्हायला हवं. टोपी टोप्या, कंपनी कंपन्या, बॅटरी बॅटऱ्या. ‘कुकीज’ आणि त्यावर ‘कुकीजना’ हे मला बटाटावड्यावर साखर घातल्यासारखं लागतं. सेशन मात्र नपुंसक, स्टेशनच्या पंगतीत : ते स्टेशन, ते सेशन.

शहापूरचा जुना :

कुक्या म्हटल्यावर मला बेकरीतलं नानकटाईचं ताट आठवतं. हे बिस्किटाचं नाव इथं आलंच कसं?

निपाणीचा :

काका, थेट बिस्किटावरून नाही. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांत ‘मॅजिक कुकी’ असा शब्द आधीपासून होता. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला दिलेली, त्यानं न उघडता तशीच परत करायची पुडी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी तीच कल्पना ब्राउझरसाठी वापरली आणि नाव चिकटलं. महत्त्वाचं काय, तर ‘न उघडता परत’. माझ्या मते टोकन हा शब्द त्याला सर्वांत जवळचा. दवाखान्यात, रेशनला आपण घेतोच की टोकन.

टिळकवाडीतला :

पण टोकन एकदाच देऊन मोकळे होतो. हे तर दर वेळी दाखवायचं. मला चपला ठेवतात तिथला पितळी बिल्ला आठवला, पण बिल्ला म्हटलं की छातीवर लावायचं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ‘खूणचिठी’ही लिहून बघितलं. वाचताना गुप्त कारस्थान चाललंय असं वाटतं. शेवटी कुकीला कुकीच ठेवलं, आणि त्याखाली एक ओळ : ‘तुम्ही पुन्हा आलात की ओळखता यावं म्हणून एक नंबर तुमच्या मोबाईलमध्ये ठेवतो.’ सभासदाला एवढं पुरतं. कोडच्या टिपांत सेशन आणि कुक्या. बाईंचा मान.

राहिली ती मूळ पाटी. ‘तुमचं खातं बंद केलं आहे’ लिहिणार होतो. थोडक्यात वाचलो, नाहीतर सगळी पेठ शाखेत. ‘तुम्हाला बाहेर काढलं आहे’ म्हटलं तर सभासदत्व रद्द झाल्यासारखं. म्हणून असं लिहिलंय : ‘बराच वेळ काही हालचाल नाही, म्हणून पासबुक मिटवून ठेवलं आहे. पुन्हा उघडा.’ कसं वाटतंय?

खानापूरची :

‘मिटवून’ नको! भांडण मिटवतात, हिशेब मिटवतात. उधारी मिटवली म्हणजे बाकी शून्य. कर्जदार सभासद पेढे घेऊन येतील. पुस्तक मिटतात, डोळे मिटतात. ‘पासबुक मिटून ठेवलं आहे’ असं लिहा. एका ‘व’नं तुमची संस्था बुडेल.

टिळकवाडीतला :

बाई, वाचवलंत. ‘मिटून’ केलं आणि काल त्याच आजींच्या घरी जाऊन मोबाईल त्यांच्या हातात दिला. पासबुक उघडून अर्धा तास गप्पा मारल्या. कुंदा खाल्ला. पाटी आली. आजींनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, “मग बघत काय बसलास? उघड की.” ठेवपावती काही कपाटातून निघाली नाही.

आता कन्नड पाटी अडलीय. ‘मुच्चिदे’ लिहिलं तर दुकान बंद झाल्यासारखं वाटेल असं शाखेतली मुलगी म्हणते.

खानापूरची :

‘मडचि इट्टिदे’ कसं वाटतं तिला विचारा. घडी घालून ठेवलं, असं. माझी शेजारीण कन्नड शाळेत शिकवते, मीही संध्याकाळी विचारून सांगते.