रात्री मध्येच जाग येते आणि डोकं सुरू होतं. नेमकं काय करायचं?

कुंपणावर

झोप लागत नाही अशी माझी तक्रार नाही. पाठ टेकली की दहा मिनिटांत झोपते. तक्रार पुढची आहे. अडीच-तीनच्या सुमारास जाग येते. तहान नाही, आवाज नाही, काही नाही. डोळे उघडतात आणि यादी सुरू होते. भावाचा रिपोर्ट यायचाय, त्यात काय निघेल? काल साहेबांना मेल पाठवला त्याला फाइल जोडली होती का? मुलगी फोनवर "ठीक आहे" म्हणाली ते जरा तुटक नव्हतं का? नोकरी गेली तर हप्ते कोण भरणार? (नोकरी जाण्याचं काही कारण नाही, पण तीन वाजता ते पटत नाही.)

भावाचं सोडलं तर यातलं एकही सकाळी आठवत नाही, हा आणखी वैताग.

मग मोबाइल उचलून वेळ बघते आणि हिशेब मांडते: आता लागली तरी तीन तासही मिळणार नाहीत, उद्या मीटिंग आहे, तिथे मी पेंगणार. या हिशेबानेच उरलीसुरली झोप उडते. शंभरापासून उलटे आकडे मोजून पाहिले. आकडे एका बाजूला चालू राहतात, काळजी दुसऱ्या बाजूला. दोन्ही कामं मला एकदम जमतात असं लक्षात आलं.

"सकारात्मक विचार करा" सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार. संध्याकाळी कॅफीन नको, झोपण्याआधी स्क्रीन नको, हे माहीत आहे आणि पाळते. मला जाग आल्यानंतरच्या त्या तासाभराचं सांगा.

फुलस्टॉप

श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. चार मोजून आत, सहा-सात मोजून बाहेर. मला एवढं पुरतं. पण माझ्या काळज्याही बेताच्याच असतात म्हणा.

रातपाळी

माझी बरीचशी नोकरी रात्रीच्या वॉर्डात गेली. आता निवृत्त आहे. रात्री तीन वाजता जागी असलेली माणसं मी भरपूर पाहिलीत, त्यामुळे जरा लांब लिहिते.

पहिली गोष्ट, जाग येणं हा बिघाड नाही. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये येते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो. नंतरच्या फेऱ्यांत झोप हलकी आणि स्वप्नांची असते, तिथे जाग येणं सोपं. सगळ्यांनाच येते, बहुतेक जण कूस बदलून पुन्हा झोपतात आणि सकाळी त्यांना ते आठवतही नाही. तुमच्या बाबतीत जागेनंतर लगेच "आली का परत जाग!" ही धास्ती येते. त्या धास्तीने छाती धडधडते, अंग ताठ होतं आणि मग झोपेला वावच उरत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळ. वॉर्डात रात्री पेशंट हमखास विचारायचे, "सिस्टर, किती वाजले?" नवी होते तेव्हा मी खरी वेळ सांगायचे. साडेतीन ऐकलं की माणूस उठूनच बसायचा. पुढे पुढे मी म्हणायला लागले, "अजून बराच वेळ आहे, पडा." उत्तर खोटं नव्हतं आणि बरेच जण पडायचे. तुम्हाला तसं सांगणारं कुणी नाही, म्हणून घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मोबाइल हात पोहोचणार नाही इतका लांब. गजर तिथूनही ऐकू येतो.

तिसरी गोष्ट कुणाला आवडत नाही, पण तीच सगळ्यात कामाची. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील असं वाटलं (अंदाजानेच, बघायचं नाही) आणि डोकं थांबत नसेल, तर उठा. दुसऱ्या खोलीत जा. दिवा मंद. काहीतरी कंटाळवाणं करा: कपड्यांच्या घड्या, आधी वाचून झालेलं जुनं मासिक. डोळे जड झाले की परत या. नुसतं थकल्यासारखं वाटणं धरू नका, डुलकी यायला हवी. परत आल्यावर पुन्हा तेच झालं तर पुन्हा उठा. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली ही पद्धत मांडली. त्यामागचा विचार असा की तासन्‌तास तळमळत पडलं की पलंग आणि काळजी यांची गाठ बसते. मग पलंगावर गेलं, जाग आली, की काळजी आपोआप सुरू. ती गाठ सोडवायची तर काळजी पलंगावर करायची नाही.

कुंपणावर

ताई, "अजून बराच वेळ आहे" हे आवडलं. पण उठले तर मी पूर्ण जागी होते त्याचं काय? पडून राहिलं तर निदान विश्रांती तरी मिळते, असं आई म्हणते.

रातपाळी

शांत पडून असाल तर आईचं बरोबर आहे, उठू नका. मनात चीड नसेल, शरीर सैल असेल तर पडून राहण्यात काही वाईट नाही. पण तुम्ही लिहिलंत त्यावरून तुम्ही पडून हिशेब करता. ती विश्रांती नव्हे. आणि उठल्यावर पूर्ण जाग येते ती बहुधा मोठा दिवा लावल्याने किंवा "आता उठलेच आहे तर" म्हणून कामाला लागल्याने. मेल उघडायचा नाही, फाइल जोडली होती का तेही बघायचं नाही.

पहिल्या काही रात्री झोप उलट कमी होईल, हे आधीच सांगते, म्हणजे चौथ्या दिवशी मला शिव्या घालणार नाही.

शंकासुर

मी या धाग्यावरचा नेहमीचा खडूस. रातपाळींशी सहमत, थोडी भर.

"विचार करायचा नाही" असं स्वतःला बजावणं बंद करा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग प्रसिद्ध आहे: पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं लोकांना सांगितलं, तर ते अस्वल पुन्हा पुन्हा डोक्यात येत राहिलं. काळजी तर अस्वलापेक्षा चिवट.

आकडे फसले कारण आकडे मोजायला डोकं फारसं लागत नाही. त्यापेक्षा हे करून पाहा. ल्यूक बोदुआँ या कॅनडातल्या संशोधकाची मूळ कल्पना आहे, मी ती आपल्या अक्षरांवर बसवली. एखादा साधा शब्द घ्या, समजा "कपाट". आता क वरून सुचेल ती वस्तू आणि ती डोळ्यांसमोर आणायची: कंदील. नीट बघा, काच काजळलेली आहे का. मग कासव. मग कुलूप. मग किल्ल्यांचा जुडगा. क संपला की प: पतंग, पायरी, पिंप, पोपट. मग ट: टाचणी, टोपली, टेकडी. एका वस्तूचा दुसरीशी संबंध नको, गोष्ट तयार व्हायला नको. झोप लागताना मन आपणहून असंच तुटक चित्रं दाखवू लागतं, आपण मुद्दाम तिकडे वळायचं. काळजीला मात्र सलग वाक्यं लागतात, ती इथे जुळत नाहीत. मी ट पर्यंत क्वचितच पोहोचतो. "क" वरून "कर्ज" आलं तर त्याला जाऊ द्या, पुढे कासव घ्या.

आणि यादी लिहिण्याबद्दल. २०१८मध्ये मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. झोपण्याआधी पाच मिनिटं एका गटाने पुढच्या दिवसांतली कामं लिहिली, दुसऱ्याने झालेली. पुढची कामं लिहिणाऱ्यांना साधारण नऊ मिनिटं आधी झोप लागली. लोक याचा फार गाजावाजा करतात. एकूण ५७ निरोगी तरुण, प्रयोगशाळेतली एक रात्र, आणि तीही झोप लागण्याची वेळ; पहाटे तीनची नव्हे. तरी कागद-पेन फुकट आहे, करून बघायला हरकत नाही.

मी स्वतः ते संध्याकाळी करतो, जेवणाच्याही आधी. एक ठरलेली वेळ, एक खुर्ची, वही. काळजी लिहायची आणि पुढे फक्त पुढचं पाऊल. "भावाचा रिपोर्ट: आल्यावर त्याला फोन, मग डॉक्टरांना काय विचारायचं ते." "मुलगी: रविवारी निवांत बोलायचं." पाऊल नसेल तर "सध्या काही नाही" असं लिहायचं. रात्री तीन वाजता तुम्ही यांपैकी काहीच करू शकत नाही, फोनसुद्धा लावता येत नाही, म्हणून विचार गोल फिरत बसतो. तेव्हा "वहीत आहे" एवढंच म्हणायचं.

जागता_पहारा

आमच्याकडे उलटी चाल चालते. डोळे उघडे ठेवून अंधारात पडायचं आणि ठरवायचं की झोपायचंच नाही. मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांची ही युक्ती. झोपेसाठी धडपड सोडली की ती येते. हट्टी लोकांना विशेष लागू.

फुलस्टॉप

आमच्या घरात एक जण असा ठरवून सकाळपर्यंत जागा राहिला. हट्टीपणाची मात्रा तपासून घ्या.

रातपाळी

😀 आता काही गंभीर.

रात्र वाईट गेली म्हणून सकाळी उशिरा उठू नका, दुपारी लांब झोपू नका, रात्री लवकर आडवं होऊ नका. उठायची वेळ एकच, सुट्टीच्या दिवशीही. जागेपणी झोपेची भूक साठते आणि पुढच्या रात्री ती कामाला येते. झोपेचे अभ्यासक आर्थर स्पीलमन यांनी हेच फार चांगलं मांडलंय: निद्रानाश सुरू होतो एका कारणाने, पण टिकतो तो आपण भरपाईसाठी लावलेल्या सवयींमुळे. मद्य घेऊन झोपणाऱ्यांसाठीही सांगते, त्याने झोप लागते लवकर, पण रात्रीच्या दुसऱ्या भागात तुटते.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, आणि असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, रात्री पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागणं, थायरॉइड, पाळी जाण्याच्या सुमाराचे घामाचे लोट: यांपैकी काही असेल तर नुसत्या युक्त्यांनी भागणार नाही. दिवसाही कशात मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तीन महिने थांबू नका, आधी जा. कुणाच्या तरी उरलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊ नका. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती असते, "सीबीटी-आय" म्हणतात, तिची चौकशी करा. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६मध्ये तिचीच शिफारस केली, गोळ्यांची नाही. वर सांगितलेलं बरंचसं तिच्यातलंच आहे, फक्त तिथे तुमची झोपेची नोंद बघून वेळा ठरवून देतात.

कुंपणावर

सगळ्यांचे आभार. वही काढली आहे. मोबाइल आजपासून बाहेरच्या खोलीत.

एक बारीक अडचण: मी उठले की नवऱ्याला जाग येते आणि तो "काय झालं?" विचारतो. मग सगळं सांगावं लागतं, आणि मग आम्ही दोघं जागे.

रातपाळी

त्यांना दिवसाच सांगून ठेवा की रात्री मी उठून गेले तर काही विचारायचं नाही, बरं नसेल तर मीच उठवीन. आणि घड्या घालायचे कपडे आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवा, कपाटाचं दार वाजतं.

शंकासुर

आणि नवरा विचारायचा थांबलाच नाही, तर त्याला "कपाट" द्या.