दिएंगच्या पठारावर आपण जमिनीत पैसा गुंतवावा का?

मूळ लेख – सह्यवासी

नोकरीनिमित्त जकार्तात राहणाऱ्या आम्हा काही मराठी मंडळींपुढे एक प्रस्ताव आला आहे: सामाईक पैशातून मध्य जावातील दिएंग पठारावर शेतजमीन घ्यावी आणि तेथे पर्यटकांसाठी आठ खोल्यांचे निवास बांधावे. मी त्यास नकार दिला आहे. असे प्रस्ताव इतरांकडेही येत असणार, म्हणून माझी कारणे येथे मांडतो.

दिएंग हे वोनोसोबो आणि बांजारनेगारा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरचे, सुमारे २००० मीटर उंचीचे ज्वालामुखीय पठार आहे. सातव्या-आठव्या शतकातील शैव मंदिरे तेथे आजही उभी आहेत आणि लोक त्यांना अर्जुन, श्रीकंडी, भीम, घटोत्कच अशा नावांनी ओळखतात, त्यामुळे मराठी माणूस तेथे पोहोचला की त्याला परके वाटत नाही. प्रस्तावाची भुरळ पडते ती बहुधा याच आपलेपणामुळे. परंतु ही जागा किती नाजूक आहे हे तेथील माणसेच जाणतात. २० फेब्रुवारी १९७९ रोजी सिनिला विवराजवळ जमिनीतून बाहेर पडलेल्या वायूने १४९ माणसांचा बळी घेतला. तो वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो सखल भागात साचतो आणि त्याला वास नसतो. कोणत्या खोलगटात घर बांधू नये हे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेला शेतकरी सांगू शकेल, जकार्तात बसून नकाशा पाहणाऱ्या आपल्याला ते कळणार नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रस्त्यालगतचा सपाट तुकडा विकणाऱ्या कुटुंबाच्या हाती एकदाच पैसा येतो. तो संपला की त्याच जमिनीवरच्या निवासात त्या घरातील मुले चादरी बदलण्याचे काम करतात आणि नफा दर महिन्याला पठार सोडून जातो.

प्रतिसाद – घाटमाथा

आपल्या तळमळीविषयी शंका नाही, पण आपण शेतीचे जे चित्र गृहीत धरले आहे ते मला मान्य नाही. १९८० च्या दशकापासून दिएंगवर बटाट्याने जम बसवला आणि शेते तीव्र उतारांवर चढत गेली. पाणी साचले तर बटाटा कुजतो, म्हणून वाफे उताराच्या दिशेनेच काढले जातात. पावसात माती थेट सरायू नदीच्या खोऱ्यात उतरते आणि खाली म्रिचा धरणाचा जलाशय गाळाने भरत जातो. ही हानी कोणत्याही पर्यटन निवासाने केलेली नाही.

शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तेथे रात्री दव गोठून हिम साचते. शेतकरी त्याला ‘एंबुन उपास’, म्हणजे विषारी दव, म्हणतात, कारण एका रात्रीत बटाट्याची पाने काळी पडतात. तेच पांढरे गवत पाहायला पर्यटक पहाटे गर्दी करतात. ज्या घरात भाड्याने द्यायला दोन खोल्या आहेत, त्या घराचे पीक गेले तरी वर्ष निभावते. २०१० पासून होणाऱ्या दिएंग सांस्कृतिक महोत्सवात जट असलेल्या मुलांचे केस विधिपूर्वक कापले जातात. त्या दिवसांत गावातील खोल्या अपुऱ्या पडतात. त्या वाढवायला भांडवल लागते. आपण ते दिले नाही, तर सेमारांग किंवा जकार्ताचा एखादा धनिक ते देईल, आणि आपल्याला पडलेले प्रश्न त्याला पडतीलच असे नाही.

प्रतिसाद – दस्तऐवज

मुळात ‘आपण जमीन घेऊ’ हे वाक्यच तपासून पाहावे. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्यानुसार ‘हक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, परदेशी व्यक्तीला मिळत नाही. (दोन्ही शब्द अरबीतून आलेले आहेत, आपल्या हक्क आणि मालकी या शब्दांप्रमाणेच.) स्थानिक माणसाच्या नावावर जमीन ठेवून व्यवहार आपणच करायचा, ही वाट अनेक जण सुचवतात, पण कलम २६ प्रमाणे असे अप्रत्यक्ष हस्तांतरणही रद्दबातल ठरते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. शेतजमिनीच्या बाबतीत १९६१ चा नियम आणखी कडक आहे: दुसऱ्या तालुक्यात राहणाऱ्याने ती बाळगू नये, असे तो सांगतो. म्हणजे तो धनिकही कागदोपत्री मोकळा नाही.

उत्तर – सह्यवासी

बटाट्याविषयी घाटमाथा यांचे म्हणणे मी स्वीकारतो. उतारांची धूप मी माझ्या लेखात सांगायला हवी होती. तरीही निवास बांधल्याने उतारांवरची शेती कमी होईल, असे कोणी म्हटले तर ते मला पटणार नाही. सपाट तुकडा गेलेला शेतकरी शेती सोडेलच असे नाही, तो आणखी वर चढेल अशीच भीती मला वाटते. जकार्ताच्या दक्षिणेकडील पुंचाक या डोंगराळ पर्यटनस्थळाचे उदाहरण समोर आहे. मार्च २०२५ मध्ये जकार्ता आणि शेजारच्या बेकासीत पूर आल्यावर पश्चिम जावाच्या गव्हर्नरांनी तेथील एक मनोरंजन उद्यान पाडायला लावले, आणि ते उद्यान प्रांतिक सरकारच्याच कंपनीशी संबंधित होते. डोंगरावर बांधकाम आधी होते आणि पाण्याचा विचार मागाहून केला जातो, हे तेथे उघड दिसले.

पैसा द्यायचाच असेल तर ज्यांच्या घरात आज दोन खोल्या आहेत त्यांना तिसरी बांधण्यासाठी द्यावा, आणि सातबाऱ्यासारखा जो कागद तेथे असतो त्याला हात लावू नये.

प्रतिसाद – घाटमाथा

या शेवटच्या वाक्यावर आपले एकमत होऊ शकेल, पण एक अडचण राहते. तारण नसताना दिलेला पैसा एका वाईट हंगामात बुडाला, तर आमच्यातील निम्मी मंडळी तो सोसू शकणार नाहीत, आणि त्यांना लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. म्हणून मी असा करार सुचवतो: जमीन आणि घर कुटुंबाच्याच नावावर राहील, खोलीच्या भाड्याचा ठरावीक हिस्सा दहा वर्षे आम्हाला मिळेल, आणि ज्या वर्षी हिमाने पीक जाईल त्या वर्षी तो हिस्सा मागितला जाणार नाही. दस्तऐवज यांनी हा मसुदा पाहावा, आणि सह्यवासी यांनी आपला नकार यालाही लागू होतो का, ते सांगावे.