‘लागणे’चे सगळे अर्थ पहिल्याच महिन्यात? मला अजिबात पटलेलं नाही

मिरजकर: काल इथे एका ताईंनी लिहिलंय की अमराठी लोकांना मराठी शिकवताना पहिल्याच महिन्यात ‘लागणे’चे सगळे अर्थ आणि वर 100 वाक्प्रचार पाठ करून घ्यावेत, पाया पक्का होतो म्हणे. राहवलं नाही म्हणून लिहितोय. भूक लागली, ठेच लागली, नंबर लागला, डोळा लागला, पुण्याहून जेजुरीला दीड तास लागतो, हे सगळं एकदम अंगावर टाकलं की माणूस गोंधळतो, बाकी काही होत नाही. माझ्या कन्नड शेजाऱ्याला ‘बस लागते’ कधी कळलं? आंबोली घाटात बायको पिशवी तोंडाशी धरून बसली तेव्हा. परत विचारायची वेळ आली नाही.

शनिवारची शिक्षिका: ती पोस्ट माझीच. तुमच्या शेजाऱ्याला घाट मिळाला, माझे आयटीवाले हिंजवडीत दिवसभर हिंदी-इंग्रजीत बोलतात, त्यांना प्रसंग कुठून आणू? मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशातही अर्थ ओळीनेच दिलेत.

मिरजकर: कोश बघायला असतो हो, पाठ करायला नाही!

ठाण्याची आई: पाठांतरावरून आठवलं. 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, चांगलंच झालं, पण शिकवतात काय? मुलाच्या वर्गातल्या तमिळ मुलीने लिहिलं, ‘आईच्या पोटात कावळे ओरडले म्हणून ती घाबरली.’ शून्य मार्क! वाक्य व्याकरणाने अगदी बरोबर होतं.

अकोलेकर: अर्थच चुकला तर शून्यच मिळणार ना. असे लाड करूनच मराठीची ही अवस्था झालीये.

ठाण्याची आई: लाड? लहान पोर आहे ती! घरात तरी कोण बोलतं आता असं?

अकोलेकर: आमच्याकडे बोलतात. ठाणे-मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे.

डॅलसकर: भांडू नका. इकडच्या मराठी शाळेत ‘डोकं खाऊ नकोस’ कुठल्याच पोराला शिकवावं लागत नाही, आया रोज म्हणतात. ‘तिळपापड होणे’ फळ्यावर कितीदा लिहिलं, कुणाच्या लक्षात नाही.

शनिवारची शिक्षिका: बरं बाबा, 100 जास्त होतात, 20 करते. यादी मात्र देणारच. पटत नसेल त्यांनी एक शनिवार वर्ग घेऊन दाखवावा.

मिरजकर: येतो की. ‘मला’वाले तेवढेच घेईन, मला भूक लागली, मला ठेच लागली, मला वेळ लागला. ‘माझा नंबर लागला’, ‘माझा डोळा लागला’ नंतर, कारण ‘मला’चं ‘माझा’ होतं तिथेच लोक अडकतात आणि तुमच्या यादीत ते कुठेच नाही.