मदत हवी आहे: एफपीएससाठी (खेळणाऱ्याच्या नजरेतून दिसणारे नेमबाजीचे गेम) गन कंट्रोलर कुठला घेऊ?

रात्रपाळी: माझ्याकडची गन धड चालत नाहीये, जरा हलवली की कॅमेरा गरगर फिरतो आणि वर आकाशाकडे जाऊन अडकतो. सेन्सिटिव्हिटी पार खाली आणली तरी तेच, दोन दिवस झाले, डोकं उठलंय. शनिवारी मित्र येणारेत त्याआधी नवीन हवीय. प्लीज फक्त मॉडेलचं नाव सांगा.

बोरू: पीसी की कन्सोल? गेम कुठला? आत्ताची गन कुठल्या प्रकारची? काहीच कळत नाहीये, नाव काय सांगणार.

खटका: माउस घ्या. मी पीएस३ वर मूव्हचा शार्पशूटर (मूव्ह कंट्रोलर बसवायचा बंदुकीचा साचा) घेतला होता २०११ मध्ये, किलझोन ३ साठी. पहिले दोन दिवस लय भारी वाटलं, मग दंड भरून यायला लागले आणि तो कपाटात गेला तो गेलाच.

जुनाखेळाडू: एलसीडीवर गन चालतच नाही. निन्टेंडोच्या जुन्या झॅपर गनमध्ये ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची, डक हंट गेममधल्या बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि गनमधला सेन्सर तो उजेड पकडायचा. एलसीडीवर चित्र उशिरा उमटतं, सगळं गणित चुकतं. जुना डबा टीव्ही शोधा.

रात्रपाळी: अहो जुनी नाही. स्क्रीनभोवती पांढरी बॉर्डर येते आणि गनमध्ये कॅमेरा आहे, ती. पीसी टीव्हीला जोडलाय. विंडोजमध्ये कर्सर बरोब्बर नेम धरतो तिथे जातो, डूम लावलं की गरगर.

बोरू: हे आधी सांगायचं ना! गन बिघडलेलीच नाहीये, दुसरी घेऊन पैसे घालवू नका. तुमची गन पीसीला सांगते "मी स्क्रीनवर अमुक जागी रोखलेय", आणि एफपीएस गेमला हवं असतं "माउस किती सरकला". गेम जागेचा आकडाच सरकण्याचा आकडा समजतो म्हणून गरगर. सेन्सिटिव्हिटी कमी करून हे जाणार नाही. हाउस ऑफ द डेड, टाइम क्रायसिस असले गेम लावून बघा, त्यात चालणं गेम सांभाळतो, आपण फक्त नेम धरायचा. या गन त्यासाठीच असतात.

खटका: म्हणजे माउसच की. मी काय सांगत होतो.

डावखुरा: माउस कशाला, सोफ्यावर बसून खेळायचं असेल तर जायरोवालं पॅड, म्हणजे हातात फिरवलेलं ओळखणारा सेन्सर असलेलं. स्टिकने वळायचं, शेवटचा बारीक नेम मनगटाने. आठवडाभर सवय करा, मग बोला.

खटका: जायरोने माउसची बरोबरी होत नाही. मी वापरून सोडलंय.

डावखुरा: किती दिवस वापरलंत?

खटका: एक संध्याकाळ, पण तेवढ्यात कळतं.

हेडसेट: गन हातात धरून एफपीएस खरंच खेळायचं तर व्हीआर (डोळ्यांवर लावायचा हेडसेट), मान फिरवली की कॅमेरा फिरतो, प्रश्नच मिटला. पीएस४ च्या व्हीआरसाठी २०१७ मध्ये फारपॉइंट गेमबरोबर एम (Aim) नावाचा गन कंट्रोलर आला होता, दोन्ही हातांनी धरायचा. तसली मजा टीव्हीवर नाही.

रात्रपाळी: व्हीआर नाहीये हो माझ्याकडे. आणि निन्टेंडोच्या वी (Wii) कन्सोलवर मेट्रॉइड प्राइम ३ रिमोट रोखून खेळलोय मी, तिथे कसं चालायचं मग?

बोरू: चांगला प्रश्न. तो गेम रोखण्यासाठीच बनवलेला होता, कर्सर मधल्या भागात असेपर्यंत फक्त नेम हलायचा, कडेला नेला की मग नजर वळायची. साध्या पीसी गेममध्ये ती सोय नसते.

रात्रपाळी: हाउस ऑफ द डेड टाकलं, गन मस्त चालतेय!! शनिवारचं भागलं. डूमसाठी जायरो बघतो, ड्युअलशॉक ४ पडलाय घरात, त्यात असतो का?

डावखुरा: असतो. केबलने जोडा, स्टीम इनपुटमध्ये (स्टीममधल्या कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये) जायरोला माउस करा आणि बाकीची बटणंही कीबोर्ड-माउसचीच द्या, नाहीतर काही गेम पॅड की माउस यात सारखे गोंधळतात. टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, म्हणजे चित्र उशिरा उमटणार नाही?

रात्रपाळी: नव्हता. आत्ता केला.