स्पायरोमेट्री नॉर्मल, मग दमा कसा?

पाऊलवाट: बहिणीला रात्री खोकल्याची ढास लागते, छातीत शिट्टी वाजते. मी ठणठणीत. दोघींनी स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी) केली, तर आकडे जवळपास सारखेच! मग डॉक्टर तिला दमा आहे असं कशावरून म्हणतात?

फुंकर: मी हीच तपासणी करते, "फुंका, फुंका, अजून फुंका" ओरडून घसा बसतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडते ती हवा एफईव्ही१, पूर्ण फुंकरीतली एफव्हीसी. श्वासनळ्या आकसल्या की पहिला आकडा जास्त घसरतो. पण दमा येतो-जातो. बरं वाटत असताना आलेला दमेकरी निरोगी माणसासारखाच फुंकतो. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप (इनहेलर) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं का? एफईव्ही१ किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढला, तर दम्याची शक्यता बळावते.

पाऊलवाट: लावलं. फारसा फरक नाही.

निवांत: मग पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा वेग मोजायचं छोटं यंत्र, आणा. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं, सर्वांत मोठा आकडा लिहायचा. माझा सकाळी पडायचा, संध्याकाळी चढायचा; वही बघूनच डॉक्टरांनी ओळखलं.

फुंकर: आणि तपासणीला येण्याआधी तिने पंप ओढला होता का, तेही विचारा. पेशंट हे हमखास सांगत नाहीत!